प्रस्तावना : वही, वसतिगृह आणि कंपनीचा निधी

ग्रामीण भागातील गरीब घरांतल्या मुलांना शाळेत टिकून राहता यावे यासाठी सरकारी तिजोरीबाहेरून जी मदत येते, तिचा विचार प्रस्तुत ग्रंथात एक सलग विषय म्हणून केला आहे. या मदतीत धर्मादाय संस्थांच्या शिष्यवृत्त्या येतात, समाजासमाजांनी चालविलेली वसतिगृहे येतात, देवस्थानांच्या पुस्तकपेढ्या आणि गणेशोत्सव मंडळांचे वह्यावाटप येते, माजी विद्यार्थ्यांनी जमविलेली वर्गणी येते आणि गेल्या दशकभरात कायद्याने बंधनकारक झालेला कंपन्यांचा निधीही येतो. आजवर या साऱ्याचा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी होत आला आहे. वसतिगृहांची चळवळ समाजसुधारणेच्या इतिहासात गेली, शिष्यवृत्त्या शासकीय योजनांच्या पुस्तिकांत राहिल्या आणि कंपन्यांचा निधी वार्षिक अहवालांच्या शेवटच्या पानांवर पोहोचला. ज्या मुलाच्या वा मुलीच्या आयुष्यात हे सगळे एकाच वेळी येते किंवा एकाच वेळी येत नाही, त्या मुलाच्या बाजूने पाहिले असता मात्र हा विषय एकच ठरतो, आणि ग्रंथाची मांडणी त्याच बाजूने केलेली आहे.

या मांडणीला भूमी म्हणून भिवंडी तालुक्यातील खारबाव आणि त्याच्या भोवतीचा पट्टा निवडला आहे. वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या मधले हे स्थानक. एका अंगाला वसईची खाडी आणि खारजमिनी, दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वरकडे चढत जाणारे डोंगर, आणि मधून चिंचोटी–कामण–अंजूरफाटा हा जड वाहनांचा रस्ता. आगरी, कोळी, कुणबी आणि आदिवासी वस्तीच्या या भागात पावसाळी भात हे मुख्य पीक असे. भिवंडी शहर यंत्रमागांवर वाढले. पुढे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून असल्यामुळे तालुक्यात गोदामांची रांग उभी राहिली आणि काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली ही गावांची नावे देशभरच्या मालवाहतुकीच्या कागदांवर जाऊन बसली. खारबाव येथे कोणा एका संस्थेच्या कार्याचा नमुना म्हणून घेतलेले नाही. महानगराची संपत्ती आणि ग्रामीण शाळेची गरज इतकी जवळ असूनही त्यांची गाठ आपोआप पडत नाही, हे येथे जितके उघड दिसते तितके दूरच्या दुर्गम तालुक्यात दिसत नाही, म्हणून हा पट्टा निवडला आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्याला मदत करण्याची रीत आधुनिक शाळेपेक्षा जुनी आहे. विद्यार्थ्याने माधुकरी मागावी, म्हणजे घरोघर शिजलेले अन्न गोळा करावे, किंवा वार लावून जेवावे, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका ठरलेल्या घरी जेवावे, या रीतीने कित्येक गरीब विद्यार्थी शिकले. पेशव्यांच्या दक्षिणेने विद्वानांना द्रव्य दिले, आणि इंग्रजी राजवटीत त्याच निधीतून पुण्यातील संस्कृत शिक्षणाचा व नंतर दक्षिणा फेलोशिपचा खर्च निघू लागला. या रीतींत आस्था होती हे नाकारता येत नाही, पण तिची कुंपणेही तितकीच पक्की होती, कारण वार लावता येत असे तो ब्राह्मण मुलाला, आणि दक्षिणा मिळे ती शास्त्र जाणणाऱ्याला. १८६६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या नावाने संस्कृतसाठी ठेवलेली शिष्यवृत्ती पुढे मॅट्रिकच्या परीक्षेतील सर्वोच्च मानाची खूण झाली आणि १९१२ मध्ये ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांना मिळाली, तेव्हा गुणवत्तेचा गौरव म्हणून द्यावयाची मदत हा एक प्रवाह महाराष्ट्रात चांगलाच रुजलेला होता.

दुसऱ्या प्रवाहाचा उगम जोतीराव फुले यांच्या विचारात आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांतील मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली. या मागणीने मदतीचा अर्थच बदलला. तोपर्यंत विद्यार्थी याचक होता आणि दाता उपकारकर्ता. फुल्यांच्या हिशेबात रयत ही घेणेकरी ठरली आणि तिच्या मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती ही तिच्याच पैशाची परतफेड ठरली. कंपन्यांच्या आजच्या निधीविषयी बोलताना ही जुनी आकडेमोड विसरली जाते, म्हणून ग्रंथात तिला आरंभीचे स्थान दिले आहे.

संस्थानिकांनी या दोन्ही प्रवाहांना बळ दिले, आणि त्यांचे दोन मार्ग वेगळे आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि त्याबरोबरच होतकरू तरुणांना व्यक्तिशः शिष्यवृत्त्या दिल्या. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीवरून भीमराव आंबेडकर यांना एल्फिन्स्टन महाविद्यालयात दरमहा २५ रुपये मिळाले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, तिच्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. त्या शिष्यवृत्तीने काय घडले हे सर्वांना ठाऊक आहे. पण करार पाळण्यासाठी १९१७ मध्ये बडोद्यास परतलेल्या त्या विद्वानाला शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून त्याला बाहेर काढण्यात आले, हा त्याच शिष्यवृत्तीच्या कथेचा उत्तरार्ध आहे आणि तो सांगितल्याशिवाय कथा पुरी होत नाही. पैसा शिक्षणापर्यंत पोहोचवितो, पण छप्पर, सोबत आणि मान यांची तजवीज पैशाने होईलच असे नाही.

ती तजवीज कोल्हापुरात झाली. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातील मुलाची अडचण फीपुरती नसते, शाळा असलेल्या गावात त्याला राहायला घर नसते, हे ओळखून मदतीची दिशा ठरविणारा हा पहिला मोठा प्रयत्न होता. समाजागणिक वेगळे वसतिगृह या पद्धतीवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले, परंतु कोणत्या समाजातील मुले शहरात पोहोचूच शकत नाहीत हे त्या पद्धतीमुळेच उघड झाले.

कोल्हापुरातील जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी ही कल्पना पुढे नेली आणि तिच्यात मोठा बदल केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये सातारच्या वसतिगृहाला आरंभ झाला, आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली आणि स्वतःच्या श्रमाने वसतिगृह चालविण्यात सहभागी झाली. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला भेट दिली. लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने विकले, ही घटना महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, पण तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट ही की संस्थेचा पाया गावोगावच्या लहान देणग्यांवर, धान्यावर आणि मुलांच्या श्रमावर उभा होता. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी याचक राहिला नाही. मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान कसा राखावा या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले हे सर्वांत भक्कम उत्तर आहे, आणि त्याच्या आड लपून मुलांकडून बिनमोल काम करून घेण्याचे प्रकार होऊ नयेत यासाठी आज त्याची नव्याने छाननी करणेही आवश्यक आहे.

याच काळातील आणखी दोन प्रयत्नांची नोंद करावी लागते. महर्षी कर्वे यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ मध्ये, जेथे लोकल बोर्डाची शाळा नाही अशा लहान गावांत शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. त्याआधी मुंबईत असताना ते आपल्या मुरूड गावासाठी जमविलेल्या मुरूड फंडाच्या कामातही होते. शहरात पोटापाण्याला गेलेल्या माणसांनी गावच्या शाळेसाठी पैसे पाठविण्याच्या कोकणातील रीतीचा तो एक पूर्वज मानता येईल. दुसरा प्रयत्न तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यात झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले, आणि गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेली. मुलाला शाळेपर्यंत आणण्यासाठी पैसा द्यावा की शाळेनेच मुलाच्या दिनक्रमाकडे सरकावे, हा प्रश्न त्या कुरणशाळेने विचारला. आजच्या बहुतेक योजना पहिल्याच उत्तरावर थांबतात.

१९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली आणि मदतीला हक्काचे रूप येऊ लागले. महाराष्ट्रात १९६० च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना फी सवलत मिळाली, जिला पालक आजही ई.बी.सी. म्हणतात. १९५० च्या दशकापासून चाललेली शिष्यवृत्ती परीक्षा चौथी आणि सातवीच्या वर्गांसाठी असे; २०१६–१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला आली. १९९२ पासून दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये, असा उपस्थिती भत्ता मिळू लागला, आणि सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीने मागासवर्गीय मुलींना पाचवी ते सातवीत दरमहा ६० व आठवी ते दहावीत दरमहा १०० रुपये दहा महिने दिले. या रकमा ज्या वर्षी ठरल्या त्या वर्षी त्यांना काही अर्थ होता. पुढे भाव वाढत गेले आणि रकमा वर्षानुवर्षे तेथेच राहिल्या, तेव्हा योजना कागदावर जिवंत आणि घरात निरुपयोगी अशी स्थिती झाली. खासगी मदतीची आजची जागा बऱ्याच अंशी या गोठलेल्या रकमांनी निर्माण केली आहे.

त्या जागेत स्वयंसेवी संस्था आल्या. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह या नावाने सुरू झालेली संस्था पुढे पुणे विद्यार्थी गृह झाली, १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन करून खेड्यांतील मुलामुलींची राहण्याजेवण्याची सोय केली, आणि ठाण्यातील विद्यादान सहाय्यक मंडळासारख्या संस्थांनी एका विद्यार्थ्यामागे पैसा आणि मार्गदर्शक कार्यकर्ता अशी दोन्ही माणुसकीची साधने उभी केली. १९७८ मध्ये अमेरिकेतील मराठी माणसांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनमुळे परदेशातील मराठी कुटुंबांचा पैसाही इकडच्या सामाजिक कामांकडे वळला. या संस्थांची शक्ती त्यांच्या चिकाटीत आहे: त्या विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, त्याच्या घरी जातात, नापास झाला तरी सोडत नाहीत. त्यांची मर्यादा संख्येची आहे, आणि ती त्या उघडपणे मान्य करतात.

कंपन्यांची मदत ही नवी घटना समजली जाते, ते अर्धेच खरे आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्येच उच्च शिक्षणासाठी कर्जरूप शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला होता, विसाव्या शतकात उद्योगपतींचे अनेक न्यास निघाले आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. नवी घटना आहे ती सक्तीची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, १ एप्रिल २०१४ पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. हाच सामाजिक दायित्व निधी. बोलीभाषेत तो सी.एस.आर. या आद्याक्षरांनीच ओळखला जातो, आणि शाळेच्या शिक्षकांच्या तोंडीही हेच नाव आहे. २०२२–२३ मध्ये देशात या मार्गाने सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च झाले, त्यातील जवळजवळ एक तृतीयांश शिक्षणावर, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक राहत आला आहे. ही रक्कम मोठी वाटते, परंतु महाराष्ट्र शासन एकट्या राज्यातील शालेय शिक्षणावर वर्षाला जो खर्च करते तो संपूर्ण देशाच्या या शैक्षणिक निधीच्या कितीतरी पट आहे. हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे कंपन्या सरकारी शाळांचा भार उचलतील ही आशा आणि कंपन्या सरकारी शाळा गिळतील ही भीती, दोन्ही आपापल्या मापात येतात.

या कायद्याच्या दोन तरतुदी ग्रंथाच्या दृष्टीने कळीच्या आहेत. पहिली स्थानिकतेची: कंपनीने आपले काम जेथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो. खारबावच्या आसपास हे प्राधान्य कसे लागू पडते ते पाहावे. गोदामात माल एका कंपनीचा, इमारत दुसऱ्याच्या मालकीची, हमाल तिसऱ्या कंत्राटदाराचे आणि नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्याच शहरात, अशी येथील व्यवसायाची रचना आहे. कायदा फक्त कंपन्यांना लागू आहे. भागीदारीत किंवा एका मालकाच्या नावावर चालणारे यंत्रमाग आणि गोदामे त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि मोठी उलाढाल असूनही सरासरी नफा न दाखविणाऱ्या कंपनीला दोन टक्के कशाचे द्यावयाचे हा प्रश्नच उरत नाही. ज्या रस्त्यावरून दिवसरात्र कंटेनर जातात त्या रस्त्याकडेच्या शाळेचा या निधीवर काही हक्क सांगता येतो का, याचे उत्तर त्यामुळे कायद्यात नाही. ते ग्रामपंचायतीच्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि शिक्षकांच्या खटपटीवर अवलंबून राहते. अशा खटपटीला जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात, आणि ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची शाळा त्या बळावर डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. पण उठाव करणारा शिक्षक लाभणे हे मुलांच्या नशिबावर सोडणे न्यायाचे नाही.

दुसरी तरतूद मुदतीची आहे. २०२१ च्या सुधारणांनी खर्च न झालेल्या रकमेवर बंधने घातली आणि एकापेक्षा अधिक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवली. मोठ्या प्रकल्पांचे परिणाम स्वतंत्र संस्थेकडून मोजून घेणेही बंधनकारक केले. हिशेबाच्या दृष्टीने हे सारे योग्य आहे. मात्र पाचवीत आलेल्या मुलीला बारावी पुरी करायला आठ वर्षे लागतात. प्रकल्पाचे वर्ष ३१ मार्चला संपते, तेव्हा शाळेचे वर्षही पुरे झालेले नसते. नव्या वर्षाचा निधी मंजूर होईपर्यंत जून उलटतो. अशा वेळापत्रकात जे देता येते ते दिले जाते: दप्तरे, वह्या, बाके, रंगविलेल्या भिंती, संगणकाचा संच, शौचालयाची इमारत. या वस्तूंची गरज नाही असे कोणीही म्हणणार नाही, आणि मुलींसाठी चालू स्थितीतील शौचालय तर शाळेत टिकण्याची पूर्वअटच आहे. परंतु ज्या वस्तूचा फोटो काढता येतो आणि जिची संख्या तक्त्यात भरता येते तिच्याकडे पैसा ओढला जातो, आणि एका मुलीमागे आठ वर्षे उभे राहण्याचे काम, ज्याची नोंद कोणत्याही एका आर्थिक वर्षात मावत नाही, ते कोणाच्याच वाट्याला येत नाही. या ग्रंथाचा मुख्य आक्षेप येथे आहे आणि मुख्य आग्रहही येथेच आहे.

या क्षेत्रातील विचारांची ढोबळ विभागणी करावयाची तर गुणवत्ता मानणारे, गरज मानणारे, हक्क मानणारे, श्रम मानणारे आणि परिणाम मोजणारे असे पक्ष सांगता येतील. मात्र प्रत्यक्षात एकाच योजनेत दोन-तीन विचार मिसळलेले आढळतात. केंद्र सरकारची २००८ पासूनची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती याचे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्रात तिला पालक आणि शिक्षक एन.एम.एम.एस. म्हणतात. आठवीत परीक्षा, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, आणि लाभ फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना, म्हणजे गरज आणि गुणवत्ता या दोन्ही गाळण्या एकापुढे एक लावलेल्या. नववीत गळती वाढते त्याच ठिकाणी ही रक्कम येते, हा तिचा मोठा गुण. पण परीक्षेची तयारी करून घेणारा शिक्षक जेथे आहे त्या शाळेतील मुले पुढे जातात आणि जेथे तो नाही तेथील मुलांचे अर्जही भरले जात नाहीत, त्यामुळे मुलाच्या गुणवत्तेच्या नावाखाली कित्येकदा शाळेचीच गुणवत्ता मोजली जाते.

परिणाम मोजणाऱ्यांचा विचार अलीकडचा असला, तरी त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतीलच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमून मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेत वेगळे शिकविले. मुंबई आणि वडोदरा येथील या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व मुलांचे शिकणे निश्चितपणे सुधारल्याचे दाखविले. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांनी ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्मी मुले दुसरीचे पुस्तक वाचू शकत नाहीत हे वर्षामागून वर्ष पुढे ठेवले. दुसरीकडे बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिल्यावर माध्यमिक शाळेतील त्यांची नोंदणी लक्षणीय वाढली, आणि शाळा जेथे दूर होती तेथे हा परिणाम अधिक दिसला. या दोन निष्कर्षांना एकत्र वाचावे लागते. प्रवासाची अडचण असेल तेथे साधन दिल्याने फरक पडतो. शिकण्याचीच अडचण असेल तेथे माणूस द्यावा लागतो. महाराष्ट्रातील वाटपाच्या बहुतेक कार्यक्रमांत अडचण कोणती आहे हा प्रश्न वाटपाआधी विचारला जात नाही.

खारबाव पट्ट्यात अडचणी कोठे आहेत, याचा विचार ग्रंथात गळतीच्या सांध्यांवरून केला आहे. गावातील जिल्हा परिषदेची शाळा संपते तो पहिला सांधा, मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे संरक्षण आठवीनंतर संपते तो दुसरा, आणि दहावीनंतर महाविद्यालय भिवंडी, वसई किंवा ठाण्याला असते तो तिसरा. प्रवासाच्या सवलती कागदावर चांगल्या आहेत: ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा मोफत पास मिळतो, आणि रेल्वे मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत मोफत मासिक पास देते. पण पास असून गाडीची वेळ महाविद्यालयाच्या वेळेशी जुळत नसेल तर तो पास खिशातच राहतो. शिवाय या तिसऱ्या सांध्यावर एक ओढ उभी आहे जी दुर्गम भागात नसते. गोदामात माल चढविण्या-उतरविण्याचे, पॅकिंगचे, टेम्पोवरचे काम दहावी नापास मुलालाही रोजच्या रोज मिळते, आणि घराला तो पैसा आज हवा असतो. एवढ्या रोजंदारीशी वर्षाला काही हजार रुपयांची शिष्यवृत्ती स्पर्धा करू शकत नाही. तिच्याबरोबर पुढच्या चांगल्या नोकरीचा डोळ्यांना दिसणारा रस्ता असावा लागतो, आणि तो दाखविण्याची क्षमता ज्या कंपन्यांची गोदामे येथे आहेत त्यांच्यातच सर्वाधिक आहे.

सर्वांत तळाला कातकरी मुले आहेत. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित मानलेल्या आदिम जमातींत गणलेल्या या समाजातील कुटुंबे दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्यात जातो. १९९० च्या दशकात विधायक संसद या स्वयंसेवी संस्थेने भट्टीवरच झोपडीत ‘भोंगा शाळा’ भरविल्या, आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांचे शिक्षण हा प्रश्न राज्याच्या धोरणात आला. या मुलांपर्यंत शिष्यवृत्ती पोहोचत नाही याचे कारण बहुधा पैशाची कमतरता हे नसते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि महाडीबीटीच्या संकेतस्थळावर मुदतीत भरलेला अर्ज, या साखळीतील एक कडी तुटली की मंजूर रक्कमही परत जाते. तलाठी कार्यालय, तहसील आणि बँक यांच्या दारी एका कातकरी मातेबरोबर चार वेळा जाऊन येणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार हा निधीचा अतिशय सार्थ विनियोग आहे, आणि दात्यांना पटवून द्यायला तोच सर्वांत कठीण आहे, कारण तो प्रशासकीय खर्च समजला जातो.

आज या विषयाची निकड वाढण्याचे आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने दत्तक शाळा योजना जाहीर केली. तिच्यानुसार कंपन्या व दाते शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या शाळांना पाच किंवा दहा वर्षांसाठी मदत करू शकतात, ग्रामीण शाळेसाठी त्या मदतीचे मूल्य अनुक्रमे ५० लाख व १ कोटी रुपये ठरविले आहे, आणि दात्याला शाळेच्या नावाला आपले नाव जोडता येते. दहा वर्षांची मुदत ही या ग्रंथाच्या आग्रहाशी जुळणारी गोष्ट आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. नाव जोडण्याच्या मुभेचे तसे नाही. गावाने जमीन दिलेली, पिढ्यांनी वर्गणी दिलेली आणि करदात्यांच्या पैशावर चालणारी शाळा दहा वर्षांच्या देणगीने कोणाच्या नावाची व्हावी का, याचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या व ग्रामसभेच्या उघड चर्चेतूनच व्हायला हवा. रस्त्याजवळची, दिसायला सोयीची शाळा दत्तक जाईल आणि पाड्यावरची राहून जाईल, हा धोकाही तितकाच खरा आहे. याच काळात शासनाने स्वतःही वसतिगृहाऐवजी रोख रक्कम हा मार्ग धरला आहे. २०१६ नंतरच्या स्वाधार आणि स्वयम् या योजनांत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन व निवासाचे पैसे जमा होतात. शाहू-भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी उभे केलेले छप्पर, पंगत आणि देखरेख यांची जागा खात्यातील रक्कम घेऊ शकते का, विशेषतः घर सोडून प्रथमच शहरात जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत, हा प्रश्न ग्रंथात सविस्तर तपासला आहे.

ग्रंथाची भूमिका यावरून स्पष्ट व्हावी. खासगी मदतीने शासनाची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊ नये, तशी ती घेता येणारही नाही. तिने शासकीय योजनांच्या सांध्यांमधील फटी शोधाव्यात, मुलाला वर्षाने न मोजता टप्प्याने मोजावे, आणि वस्तूंपेक्षा माणसांवर, म्हणजे बालसखी, वसतिगृहाची गृहमाता, दाखल्यांसाठी हिंडणारा कार्यकर्ता यांच्यावर, अधिक खर्च करावा, असे येथे प्रतिपादन केले आहे. मदत घेणाऱ्या मुलांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न त्यापासून वेगळा काढलेला नाही. पाहुण्यांच्या हातून दप्तर घेताना रांगेत उभी केलेली मुले, दात्याला धाडलेली आभारपत्रे आणि जाहिरातीत छापलेले चेहरे यांविषयी कायदा काय म्हणतो याच्याआधी, शाळेतल्या इतर मुलांसमोर त्या मुलाला काय वाटते याचा विचार येथे केला आहे. म्हणूनच ग्रंथातील विवेचनात आजच्या कोणत्याही लाभार्थी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र घेतलेले नाही.

मांडणी कालानुक्रमाने सुरू होते, पण ती शेवटपर्यंत तशी राहत नाही. इतिहासाचा भाग संपल्यावर वाचक दात्याच्या बाजूने, नंतर शाळेच्या बाजूने आणि अखेरीस कुटुंबाच्या बाजूने त्याच व्यवहाराकडे पाहतो. इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागा, परदेशी देणग्यांचे नियमन आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठीची कर्जे हे तीन विषय स्वतंत्र ग्रंथाचे असल्याने येथे केवळ प्रसंगोपात्त आले आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व विभागांत काम करणारे अधिकारी, संस्थांचे विश्वस्त, जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवरील पालक, असे चार प्रकारचे वाचक मनात धरून हे लेखन झाले आहे. यांपैकी शेवटच्या वाचकाच्या हाती असे पुस्तक सहसा जात नाही. त्याने निधी मागताना काय विचारावे, कोणता कागद पाहावा आणि कोणत्या अटीवर नकार द्यावा, एवढे तरी त्याला येथे सापडावे अशा रीतीने कायदेशीर व हिशेबी भाग साध्या भाषेत आणि जून ते मे या शाळेच्या वर्षाच्या क्रमाने लिहिले आहेत.